जाब कोणापाशी मागावा?

बडनेरा स्थानकाच्या फलाटावर आम्ही लहानाचे मोठे झालो असे म्हटले, तर ज्ञातिबांधवांस त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ साली नागपुरास पोहोचला तो आमच्या गावावरून. १८७१ साली येथून अमरावतीस सहा मैलांचा फाटा निघाला, आणि जुन्या कागदपत्रांतील ‘बडनेरा बीबी’ हे गाव कापसाच्या गाठींचे व गाडी बदलणाऱ्या उतारूंचे गाव झाले. रुळांच्या एका अंगास जुनी वस्ती व दुसऱ्या अंगास नवी वस्ती, ही आजची विभागणीही त्याच रुळांची देणगी होय.

याच स्थानकात १८९७ सालच्या डिसेंबर महिन्याच्या अखेरीस देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली मंडळी अमरावतीची गाडी पकडण्यासाठी उतरली. राष्ट्रसभेचे तेरावे अधिवेशन त्या वर्षी अमरावतीस भरले होते, आणि अमरावतीस आगगाडीने जावयाचे तर त्या काळी बडनेऱ्यावाचून दुसरी वाट नव्हती. आलेल्यांच्या मनावर त्या वर्षी एका शहराचे ओझे होते. ते शहर पुणे. पुण्यातील रहिवाशांनी आपल्या घरात शिरलेल्या शिपायांबद्दल जाब मागितला होता, आणि त्या मागणीचे पर्यवसान काय झाले हे सर्वांच्या डोळ्यांसमोर ताजे होते.

हा इतिहास स्मरणिकेत लिहावा असे आम्हांस वाटले, त्यास एक निमित्त घडले. आमच्या मोहल्ल्यात रात्रीच्या गस्तीबद्दल एक अर्ज करावा असे मंडळाच्या बैठकीत ठरले. बोलणारे पुष्कळ होते. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत आम्हांस धाडण्यात आले होते, तेव्हा राग सर्वांसच होता. परंतु अर्ज लिहून झाल्यावर सही करावयाची वेळ आली, आणि लेखणी हातोहात फिरू लागली. कोणाचे दुकान रस्त्यावर, कोणाचा मुलगा नोकरीच्या अर्जात, कोणाची मुलगी लग्नाची. शेवटी एक वयोवृद्ध सभासद म्हणाले, “नाव न घालता देता येत नाही काय?” त्या प्रश्नाने आम्हांस पुण्याचे ते साल आठवले.

प्रथम हकीकत सांगतो. १८९६ च्या पावसाळ्यानंतर मुंबईत ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची साथ सुरू झाली व पुढील हिवाळ्यात ती पुण्यास आली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी हिंदुस्थान सरकारने साथरोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा; पण त्याचे चौथे कलम वाचकांनी ध्यानात ठेवावे. या कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे ते कलम सांगते. ज्याच्या हाती घर उघडण्याचा अधिकार, त्याच्यापाशी दाद मागण्याची वाट आधीच बंद! कायदा करणाऱ्यांस रोगाची धास्ती खरी होती, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु धास्तीत केलेला कायदा कसा असतो, त्याचा हा नमुना होय.

पुण्यास प्लेग कमिटी नेमली गेली व तिचे अध्यक्षपद वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याकडे आले. नगरपालिका अस्तित्वात होती, तीत निवडून आलेले सभासद होते, १८९५ पासून खुद्द टिळक तीत होते. परंतु प्लेगच्या कामाची सूत्रे आता या कमिटीकडे गेली. मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत गोऱ्या सोजिरांच्या टोळ्या घरोघर झडत्या घेत हिंडत होत्या. त्यांस भाषा येत नव्हती. देवघर कोणते व माजघर कोणते याची कल्पना नव्हती. काखेत व जांघेत गाठ आहे की काय हे पाहण्यासाठी माणसांस, स्त्रियांस सुद्धा, रस्त्यावर उभे करून तपासले गेल्याच्या तक्रारी झाल्या. घरातील जमिनी खणल्या गेल्या, सामान जाळले गेले, देव्हारे विटाळले गेले, वस्तू नाहीशा झाल्या. रोगी इस्पितळात व त्याचे घरवाले विलगीकरणाच्या छावणीत, असा क्रम होता.

रँड हा कर्तव्यकठोर मनुष्य होता. लाच घेऊन कोणास सोडणारा तो नव्हे, आणि साथ आटोक्यात आणणे हे त्याचे काम होते. हे मान्य केल्यावरही प्रश्न उरतोच. रहिवाशाने तक्रार करावयाची कोठे? सरदार बाळासाहेब नातू यांनी लेखी तक्रारी केल्या, अर्ज गेले, वृत्तपत्रांनी लिहिले. पण त्या ऐकून निवाडा करणारी तिऱ्हाईत जागा कोठेच नव्हती. ज्याच्याविरुद्ध फिर्याद त्याच्याकडेच चौकशी, असा तो प्रकार होता.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या लिखाणांतून ती बहुधा गाळली जाते. रहिवाशांची तक्रार केवळ सरकारविरुद्ध नव्हती. शहरातील पुष्कळ पुढारी साथ येताच पुणे सोडून गेले होते, आणि ‘केसरी’ने त्यांची त्याबद्दल चांगलीच हजेरी घेतली. टिळक स्वतः शहरात राहिले व त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचे इस्पितळ चालविले. त्याच मार्च महिन्यात, १० तारखेस, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगाने निवर्तल्या. शहर कोणी सोडले व कोण राहिले याचा हिशोब लोकांनी ठेवला होता.

आता आमच्या विषयाच्या गाभ्याकडे येतो. त्या वेळी गोपाळ कृष्ण गोखले विलायतेत होते. हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते गेले होते. पुण्याच्या मित्रांची पत्रे त्यांच्या हाती आली. त्यांत स्त्रियांवर झालेल्या अत्याचाराचे उल्लेख होते. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात आपल्या नावानिशी इस्पितळाच्या व प्लेग छावणीच्या कारभाराबद्दल लिहिले होते. तेही गोखल्यांपुढे होते. त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ला सांगितले की, दोन स्त्रियांवर अत्याचार झाला व त्यांपैकी एकीने आत्महत्या केली. पार्लमेंटात प्रश्न निघाला. मुंबई सरकारने साफ इन्कार केला. गोखले परत आले, त्यांनी पत्रे लिहिणाऱ्यांस विचारले, आणि नावानिशी पुढे येण्यास कोणी तयार झाले नाही. पुरावा म्हणून दाखविण्यास गोखल्यांपाशी काहीच उरले नाही. त्यांनी गव्हर्नर, कमिटी व सोजीर या सर्वांची बिनशर्त माफी मागितली. त्याबद्दल स्वकीयांनीच त्यांस जन्मभर बोल लावला.

गोखल्यांनी माफी मागावयास हवी होती की नाही, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. आमच्या मते दोषाचा मोठा वाटा त्या पत्रलेखकांकडे जातो. आणि त्यांसही आम्ही सहज भ्याड म्हणणार नाही. नाव दिले तर शिपाई दारात येईल ही एक भीती. परंतु त्याहून मोठी भीती स्वजनांची होती. आपल्या घरच्या स्त्रीचा असा उल्लेख लेखी झाला तर ज्ञातीत काय म्हणतील, लग्ने कशी जुळतील, पंच काय बोलतील? सरकारी इन्काराचे काम असे आपणच, आपल्या अब्रूच्या कल्पनेने, अर्धे करून ठेवले होते. आमच्यासारख्या ज्ञातिसंस्थांच्या स्मरणिकांतून हे लिहिले जाण्यास संकोच वाटू नये, कारण तो संकोच आमच्याच घरचा आहे. रमाबाई ज्ञातीबाहेर पडलेल्या होत्या. नावानिशी लिहिणे त्यांस शक्य झाले, हा योगायोग नसावा.

पुढील घटना सर्वविदित आहेत. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला व रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दाद मागण्याच्या वाटा बंद झाल्या म्हणजे पिस्तुलाची वाट उघडते असे काही लेखक लिहितात. आम्हांस तो कार्यकारणभाव इतका सरळ वाटत नाही. चापेकर बंधूंच्या मनात पुष्कळ काही होते. मात्र त्यानंतर रहिवाशांच्या तक्रारीकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही, एवढे निश्चित. खुन्याचा माग सांगणारास सरकारने वीस हजार रुपयांचे बक्षीस लावले. महिन्यापूर्वी त्याच शहरात साक्षीदारास साधे अभय मिळत नव्हते!

आणि शहरावर जादा पोलीस बसविण्यात आले. ही पद्धत वाचकांस अपरिचित असेल. एखाद्या गावात दंगा वा गुन्हा झाला तर तेथे अधिक पोलीस ठेवावयाचे व त्यांचा खर्च गावच्या रहिवाशांकडून वसूल करावयाचा. १८६१ च्या पोलीस कायद्याच्या १५ व्या कलमातही ही तरतूद होती. ज्या पुणेकरांनी शिपायांच्या वर्तनाबद्दल विचारणा केली, त्यांनीच आता अधिक शिपायांचा पगार भरावयाचा होता. २८ जुलैच्या सुमारास बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या उभय बंधूंस १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटल्यावाचून, अटकेत टाकण्यात आले व त्यांची मालमत्ता जप्त झाली. तक्रारअर्ज करणारा मनुष्य आरोपपत्रावाचून बंदिवान झाला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन १४ सप्टेंबर रोजी त्यांस अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

या पार्श्वभूमीवर डिसेंबरात बडनेऱ्यास गाड्या येऊन थांबल्या. अध्यक्ष मद्रासचे सर चेत्तूर शंकरन नायर, स्वागताध्यक्ष आमचे गणेश श्रीकृष्ण खापर्डे. नातू बंधूंच्या विनाचौकशी अटकेविरुद्ध सभेने आवाज उठविला, आणि त्या प्रसंगी सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी तुरुंगातील टिळकांविषयी जे उद्गार काढले ते पुढे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले. पुण्याच्या रहिवाशास पुण्यात जे बोलता येईनासे झाले होते, ते अमरावतीच्या मांडवात बोलले गेले.

यात वऱ्हाडाचा एक विशेष आहे. मुंबई इलाख्यास निदान कायदे कौन्सिल होते. १८९२ च्या कायद्यान्वये तेथे सभासदास प्रश्न विचारता येई, उपप्रश्नाची मुभा नसली तरी. वऱ्हाड नावाला निजामाचे, कारभार इंग्रजांचा, हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत. येथे कौन्सिलच नव्हते. रंगनाथ नृसिंह मुधोळकर व खापर्डे यांच्यासारखे वकील सार्वजनिक सभेतून अर्ज करीत, पण अर्जास उत्तर देणे कोणास बंधनकारक नव्हते. पुण्याची व्यथा वऱ्हाडी श्रोत्यांस चटकन समजली असेल, तर त्याचे एक कारण हेही असावे. पुढे काही वर्षांत प्लेगही येथे आलाच.

नगरपालिकेचे काय, असे कोणी विचारील. याचे उत्तर रिपनच्या १८ मे १८८२ च्या ठरावात आहे. तोपर्यंत अनेक नगरपालिकांवर पोलिसांच्या खर्चाचा बोजा होता. तो काढून घ्यावा व त्याऐवजी शाळा, दवाखाने, रस्ते त्यांनी पाहावेत, असे त्या ठरावाने सुचविले. ओझे गेले, लोक आनंदले. पण पगार देणारास हिशोब विचारण्याचा जो थोडा हक्क असतो, तोही त्याबरोबर गेला, हे त्या आनंदात कोणाच्या ध्यानात आले नसावे. १९०२ साली सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस कमिशन बसले. हे गृहस्थ मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. त्यांच्या अहवालाने पोलीस खाते भ्रष्ट व जुलमी समजले जाते, असे स्वच्छ लिहिले. परंतु त्यांवर नागरिकांची देखरेख असावी, हा विचार तेथवर पोहोचला नाही.

ही व्यवस्था आजही मूलतः तशीच आहे. १९८३ पासून बडनेरा अमरावती महानगरपालिकेत आहे. आमची नाली महानगरपालिकेच्या हाती. आमचे ठाणे पोलीस आयुक्तांच्या हाती, व आयुक्त राज्याच्या गृहखात्यास जबाबदार. गस्तीची तक्रार घेऊन नगरसेवकाकडे जाणारा मनुष्य निम्म्या वाटेवर चुकलेला असतो. २२ फेब्रुवारी २०२१ पासून अमरावतीत पुन्हा टाळेबंदी झाली, चौकाचौकात पोलीस उभे राहिले, तेव्हा तो १८९७ चा कायदाच लागू होता, चौथ्या कलमासह.

काही वाटा मात्र नव्या आहेत, व त्या मंडळाच्या कुटुंबांस माहीत असाव्यात. ठाण्यावर खबर लिहून घेतली तर तिची प्रत विनामूल्य मिळते. लिहून घेण्यास नकार मिळाला तर तीच खबर टपालाने वरिष्ठ अधिकाऱ्याकडे धाडता येते. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे असा आदेश दिला, व महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात तशी तरतूद केली. बाळासाहेब नातूंस जी तिऱ्हाईत जागा मिळाली नाही, ती निदान कागदावर उभी राहिली आहे. पण या सर्व ठिकाणी पहिला रकाना नावाचा असतो.

आमच्या अर्जाचे काय झाले, ते सांगून लेख आवरता घेतो. त्या रात्री सही झाली नाही. तिसऱ्या दिवशी नव्या वस्तीतील एक आजीबाई मंडळात आल्या, अर्ज वाचून घेतला, आणि सर्वांत वर आपले नाव घातले. त्यानंतर सतरा सह्या झाल्या. ‘नाव न घालता’ म्हणणारे सभासद पंधरावे. अर्जाची पोच मंडळाच्या दप्तरात लावून ठेविली आहे.