उतरत्या वयाचा चेहरा आणि शस्त्रवैद्य



‘नाक कापलें गेलें’ असें आपण अब्रू गेली या अर्थानें म्हणतों. परंतु एके काळीं तें शब्दशः घडत असे. १७९२ सालच्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेंत सांपडला. तेथें त्याचें नाक व एक हात तोडण्यांत आला. सुमारें वर्षभर तो तसाच वावरला. पुढें पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातींतील एका कारागिरानें त्याच्या कपाळाच्या कातडीचें नवें नाक करून बसविलें. कारागिरानें आधीं मेणाचें नाक घडवून तोंडावर लावून पाहिलें. मग तें चपटें करून कपाळावर ठेवलें, त्याच्या कडेनें रेघ आंखली, आणि तेवढी कातडी सोडवून, भुंवयांच्या मधली एक अरुंद पट्टी मात्र न कापतां, पिळून खालीं वळविली. त्या पट्टींतून रक्त मिळत राहिलें म्हणून ती कातडी जगली. मुंबई इलाख्यांतील दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही क्रिया पाहिली, ऑक्टोबर १७९४ मध्यें लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्यें तिचें वर्णन चित्रासह छापलें गेलें, आणि कार्प्यू नांवाच्या शस्त्रवैद्यानें १८१४ सालीं लंडनमध्यें तीच क्रिया करून दाखविली. चेहरा पुन्हां घडविण्याच्या विद्येला युरोपांत नवा जन्म मिळाला तो येथून.

कावसजीचें नाक शत्रूनें कापलें होतें. तें परत मिळविण्यांत कोणीं गैर मानलें नाहीं. परंतु जो चेहरा कोणीं कापला नाहीं, नुसता साठ वर्षें वापरून उतरला, ज्याचे गाल जबड्याच्या कडेवरून ओघळले, ज्याच्या हनुवटीखालीं पिशवी लोंबूं लागली आणि मानेवर दोन दोऱ्या उभ्या राहिल्या, तो चेहरा शस्त्रवैद्याकडे न्यावा काय, आणि नेल्यास त्यानें नेमकें काय करावें? या प्रश्नाचें वय अवघें सव्वाशें वर्षांचें आहे. एवढ्या काळांत त्याला निरनिराळीं उत्तरें मिळालीं. त्यांतलीं बरींच चुकलीं, आणि तीं कां चुकलीं हें पाहण्यासारखें आहे.

पहिली युक्ति भरण्याची होती. व्हिएन्नाच्या गेर्सुनी या शस्त्रवैद्यानें १८९९ च्या सुमारास असें दाखविलें कीं, पॅराफिनच्या जातीचा पदार्थ पातळ करून सुईनें शरीरांत सोडला तर तो आंत थिजून राहतो. झालें! बसलेलीं नाकें, खोल गेलेले गाल, कपाळाच्या आंठ्या, सर्वांवर हें मेण चालूं लागलें. काप नाहीं, व्रण नाहीं, काम घटकेचें. परंतु मेण जेथें घातलें तेथें राहीना. त्याच्याभोंवतीं कठीण गांठी धरूं लागल्या; आणि सुई चुकून रक्तवाहिनींत शिरली तर डोळाच जाई. पुढें मार्लबरोच्या ड्यूकची पत्नी झालेल्या ग्लॅडिस डीकनची हकीकत प्रसिद्ध आहे. तिनें ऐन तारुण्यांत नाकाची रेषा सुधारण्यासाठीं मेण भरून घेतलें. तें खालीं उतरलें आणि त्या काळची एक विख्यात सुंदरी जन्माची विरूप झाली. तिचें दुखणें वार्धक्याचें नव्हतें हें खरें, पण मेण वय विचारीत नाहीं.

दुसरी युक्ति कापण्याची. बर्लिनच्या हॉलेंडर यानें १९०१ सालीं एका पोलिश सरदार घराण्यांतील स्त्रीच्या आग्रहावरून तिच्या केंसांच्या कडेनें व कानाजवळून कातडीच्या पट्ट्या काढून चेहरा ओढून दिला. १९०६ सालीं लेक्सर या जर्मन शस्त्रवैद्याकडे एक नटी आली. ती रोज रात्रीं गालांना चिकटपट्ट्या लावून, त्या रबरानें डोक्यावरून ताणून निजत असे. वर्षानुवर्षें असें ओढल्यामुळें कातडी अधिकच सैल झाली होती! ही कहाणी मला नेहमीं अंतर्मुख करते. हंसूं येतें आणि हंसवतही नाहीं. लेक्सरनें जादा कातडी कापून टाकली. परंतु नवल असें कीं, हॉलेंडरनें आपलें काम छापून सांगितलें तें १९१२ मध्यें, आणि लेक्सरनें तर १९३१ मध्यें. मोडलेला जबडा बसविणाऱ्या माणसानें सुरकुत्यांना हात लावला हें सांगण्यासारखें वाटत नसे. प्रतिष्ठित वैद्य असे गप्प राहिले, तेव्हां मैदान जाहिरातबाजांना मोकळें सांपडलें. १९३१ सालीं न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलांत, सौंदर्यगृहांच्या मालकांच्या मेळाव्यापुढें, एका डॉक्टरानें म्हाताऱ्या स्त्रीचा चेहरा ओढण्याची शस्त्रक्रिया नाटकाच्या खेळासारखी करून दाखविली होती.

या सगळ्या गर्दींत मला एकच व्यक्ति थांबून पाहावीशी वाटते, ती पॅरिसच्या डॉक्टर सुझान नोएल. यांचा जन्म १८७८ चा. त्या मुळांत त्वचारोगाच्या वैद्य. त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, १९१२ सालीं वृद्ध नटी सारा बर्नहार्ट अमेरिकेहून तरुण दिसूं लागून परतल्याच्या वार्तेनें त्यांचें कुतूहल जागें झालें. सारा बर्नहार्टच्या डोक्याच्या कातडींत काप घेऊन वरचा भाग ओढला होता. कपाळ आणि डोळ्यांचे कोपरे सुधारले होते, पण गाल व जबडा होता तसाच होता. नोएलबाईंनीं आरशापुढें बसून स्वतःच्या चेहऱ्याची कातडी चिमटींत धरून, कोठें ओढली असतां काय बदलतें हें पाहण्यास आरंभ केला. पहिल्या महायुद्धांत चेहरे छिन्नविच्छिन्न झालेले सैनिक पॅरिसला येत. तेथें त्यांनीं मोरेस्तां या नामांकित शस्त्रवैद्याजवळ काम केलें. १९२६ मध्यें त्यांचा ग्रंथ निघाला. त्याच्या नांवांतच या शस्त्रविद्येचें ‘सामाजिक कार्य’ हे शब्द आहेत.

हे शब्द कशासाठीं? नोएलबाईंकडे येणाऱ्या सगळ्याच कांहीं सरदारणी नव्हत्या. दुकानांत, कचेरींत, शिवणकामाच्या पेढीवर पोट भरणाऱ्या स्त्रियाही येत. चेहरा उतरला कीं त्यांची जागा दुसऱ्या तरुणीला मिळे. पुरुषाचे पिकलेले केंस शाळेंत व दरबारांत त्याचें वजन वाढवितात. स्त्रीचे पिकले कीं तिला घरीं बसावयास सांगतात. हा न्याय पॅरिसचाच होता असें कोणी समजूं नये. सुरकुत्या काढून घेणाऱ्यांस उथळ म्हणणें माझ्या पिढीला फार सोपें गेलें. परंतु भाकरीसाठीं तरुण दिसावें लागणें हा दोष त्या बाईचा नव्हे, तिच्या धन्याचा. नोएलबाई स्वतः स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडत होत्या. १९२४ मध्यें पॅरिसला सोरोप्टिमिस्ट ही उद्योगी स्त्रियांची संस्था त्यांनींच उभारली. फ्रान्समध्यें स्त्रियांना मत मिळालें तें १९४४ सालीं.

आणि येथेंच निवडीचा पहिला धडा आहे. नोएलबाई बहुधा लहान क्रिया पसंत करीत. जागा बधिर करावयाची, केंसांच्या कडेला किंवा कानापुढें-मागें कातडीची एक चंद्रकोर काढावयाची, टांका केंसांत लपवावयाचा आणि रोग्याला घरीं पाठवावयाचें. लागलें तर कांहीं दिवसांनीं पुन्हां थोडें. परिणाम बेताचा आणि टिकाऊपणही बेताचा. मग मोठी क्रिया एकदांच कां करूं नये? कारण नोकरदार बाईला महिनाभर अदृश्य होतां येत नाहीं. शस्त्रवैद्यकाच्या दृष्टीनें उणा असलेला उपाय तिच्या संसाराच्या दृष्टीनें पुरा होता.

तरीही तो उणा होता, आणि त्याचें कारण समजावयास पन्नास वर्षें जावीं लागलीं. जुन्या गोधडींतला कापूस खालीं सरकून गोळा झाला असतां वरचें कापड ताणून काय होणार? चार दिवस गोधडी सपाट दिसेल, मग कापड सैल पडेल. चेहऱ्याचें तसेंच आहे. कातडी ही ताणली कीं देणारी वस्तु आहे, आणि उतरतो तो मुख्यतः तिच्या खालचा भाग, म्हणजे चरबी, तिला धरून ठेवणारे तंतु, आणि कांहीं अंशीं झिजत चाललेलें हाडसुद्धां. तरी नुसती कातडी अधिकाधिक ओढण्याकडे शस्त्रवैद्यांचा ओढा राहिला. त्यामुळें तोंडाचे कोपरे कानाकडे खेंचलेले, कानाची पाळी खालीं ओढलेली, अशी वादळांत उभ्या असलेल्या माणसासारखी मुद्रा पुष्कळांच्या वांट्यास आली.

स्वीडनच्या स्कूग यानें ही चूक सुधारली. त्यानें १९७४ सालीं प्रसिद्ध केलें कीं, कातडी व तिच्या खालचा पडदा हे दोन्ही मिळून उचलावे. १९७६ मध्यें पॅरिसच्या मिट्झ व पेरोनी यांनीं त्या पडद्याची शारीररचना स्पष्ट मांडली. त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘स्मास’ म्हणतात. गालावरचा हा पडदा खालीं मानेतल्या ‘प्लॅटिस्मा’ या पातळ, रुंद स्नायूशीं सलग आहे. म्हणजे गाल आणि मान यांना निसर्गानें एकच चादर पांघरली आहे. एक टोंक उचललें तर दुसरें थोडें हालतें. १९९० मध्यें हाम्रा या अमेरिकन शस्त्रवैद्यानें आणखी खोल जाण्याची रीत प्रसिद्ध केली. पडदा उचलला असतां परिणाम टिकतो, परंतु त्याच्या खालींच हंसण्याचें, डोळे मिटण्याचें, भुंवई उचलण्याचें काम चालविणाऱ्या मज्जातंतूच्या शाखा आहेत. फार खोल जाणें खरेंच सरस कीं पडद्याला टांके घालून घट्ट करणें पुरेसें, याविषयीं शस्त्रवैद्यांचें अद्याप एकमत नाहीं. अशा वेळीं रीतीच्या नांवापेक्षां, ती करणाऱ्याचा हात कोणत्या रीतींत बसलेला आहे याला मी अधिक महत्त्व देईन.

मानेची गोष्ट निराळी विचारांत घ्यावी लागते. हनुवटीखालीं नुसती चरबी असेल आणि कातडी अजून आंवळणारी असेल, तर बारीक नळीनें चरबी शोषून घेणें पुरतें. दोऱ्या उभ्या असतील तर त्या प्लॅटिस्माच्या सुटलेल्या कडा असतात. हनुवटीखालीं लहान काप घेऊन त्या मधोमध शिवाव्या लागतात. कातडीच फार सैल झाली असेल तर ती कानामागून काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. सैल कातडीच्या मानेंतून चरबी तेवढी ओढून घेतली, तर पिशवी रिकामी होते आणि अधिकच लोंबते. स्नायूच्या दोऱ्या पूर्वीं झांकल्या होत्या त्याही उघड्या पडतात.

सुयांचाही काळ पुन्हां आला. व्हँकूव्हरच्या करुथर्स दांपत्यानें, त्यांत पत्नी नेत्रवैद्य व पति त्वचावैद्य, १९८७ पासून बोटॉक्स या विषाचा अत्यल्प डोस भुंवयांमधल्या आंठ्यांवर वापरून पाहिला. अमेरिकेंत त्याला यासाठीं मान्यता मिळाली ती २००२ मध्यें, आणि मानेच्या दोऱ्यांसाठीं २०२४ मध्यें. तें स्नायूला तीन-चार महिने सैल ठेवतें. ओघळलेलें कांहीं उचलीत नाहीं. मेणाच्या जागीं आतां हायलुरॉनिक आम्लाचा लगदा भरतात. हा पुष्कळ बरा, कारण नको झाल्यास औषधानें विरघळवितां येतो. तथापि सुई रक्तवाहिनींत शिरली तर डोळा जाण्याचें जुनें भय, क्वचित् कां होईना, आजही शिल्लक आहे. कातडीखालून कांटेरी दोरे ओंवून गाल वर धरण्याचीही एक रीत आहे. ती झटपट होते आणि बहुधा तितक्याच लवकर उतरते.

शस्त्रक्रिया निवडणाराला कांहीं गोष्टी आधीं ठाऊक असाव्या. आंत रक्त सांठणें ही या क्रियेंतील नेहमीची मोठी अडचण. रक्तदाब ताब्यांत नसेल तर ती वाढते, आणि पुरुषांत स्त्रियांपेक्षां अधिक दिसते, कारण दाढीच्या कातडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याची उचललेली कातडी रक्ताअभावीं मरूं शकते. म्हणून चांगला शस्त्रवैद्य ती आठवडे आधीं बंद करावयास लावतो, आणि न ऐकणाऱ्याला परत पाठवितो. कानाची पाळी कित्येक महिने बधिर राहूं शकते. पुरुषांच्या बाबतींत आणखी एक लहानशी बाब आहे. गालाची कातडी मागें सरकते ती दाढीसकट सरकते. तेव्हां पुढें रोज सकाळीं वस्तरा कानाच्या मागेंही फिरवावा लागतो. आणि काप नीट आंखला नसेल, तर कानाच्या तोंडाशीं असलेल्या त्या लहान उंचवट्यावरसुद्धां.