नगरभवन व राजकीय सभा : परतूर

नगराचा कारभार, समारंभ व नागरिकांच्या सभा यांसाठी बांधलेल्या सार्वजनिक वास्तूस नगरभवन किंवा टाउन हॉल म्हणतात. मध्ययुगीन यूरोपात ही वास्तू नगरांच्या स्वायत्ततेची द्योतक होती. भारतात ती ब्रिटिश अमदानीत आली आणि प्रारंभी तिच्यावर राज्यसत्तेचीच छाप राहिली. मुंबईचा टाउन हॉल १८३३ मध्ये पूर्ण झाला. १ नोव्हेंबर १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा त्याच्याच पायऱ्यांवरून वाचण्यात आला. कोल्हापूर संस्थानातील टाउन हॉल १८७२–७६ या काळात उभारला गेला.

हैदराबाद संस्थानच्या राजधानीत टाउन हॉलची कोनशिला १९०५ मध्ये बसविण्यात आली व इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली. तथापि सभागृह असणे व सभेचा हक्क असणे या भिन्न गोष्टी होत. १९२१ मध्ये निजाम सरकारने राजकीय सभांवर पूर्वपरवानगीचे बंधन घातले. ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाने (१९२९) ते अधिक जाचक झाले. परिणामी संस्थानी प्रजेची राजकीय परिषद काकिनाडा (१९२३), मुंबई (१९२६), पुणे (१९२८) व अकोला (१९३१) अशी संस्थानाबाहेरच भरवावी लागली.

संस्थानात उघड राजकीय संघटना अशक्य असल्याने भाषिक व सामाजिक स्वरूपाच्या परिषदांचा मार्ग अनुसरण्यात आला. तेलुगू भाषिकांच्या आंध्र महासभेचे पहिले अधिवेशन १९३० मध्ये जोगीपेठ येथे झाले. मराठी भाषिकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानक असल्यामुळे मराठवाड्याच्या विविध भागांतून तेथे पोहोचणे सोयीचे होते. पुढील अधिवेशने लातूर (१९३८) व उमरी (१९४१) येथे झाली. सप्टेंबर १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर घातलेली बंदी १९४६ पर्यंत टिकली. या काळात महाराष्ट्र परिषद हे मराठवाड्यातील कार्यकर्त्यांना एकत्र येण्याचे महत्त्वाचे व्यासपीठ ठरले.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपुष्टात आली. १९५० च्या संविधानाने शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क सर्व नागरिकांना दिला. हैदराबादच्या टाउन हॉलमध्ये पुढे विधानसभा भरू लागली. १ मे १९८१ पासून परतूर जालना जिल्ह्यात समाविष्ट आहे. राजधानीतील भव्य सभागृहात ज्या हक्काला वाव नव्हता, त्याच्या मागणीसाठी मराठवाड्यात झालेल्या संघटित प्रयत्नांत परतूरच्या अधिवेशनाचे स्थान पहिले होय.