टेसेलेशन

एक किंवा अधिक आकार फट न ठेवता आणि तुकड्यावर तुकडा न चढवता पसरत नेले की गणितात त्याला ‘टेसेलेशन’ म्हणतात. मूळ शब्द लॅटिन. रोमन कारागीर मोझॅइकसाठी दगडाचे, काचेचे चौकोनी तुकडे वापरत, तो ‘टेसेरा’. त्याहून चिमुकला तो ‘टेसेला’. खेळातल्या फाशालाही टेसेराच म्हणत. त्यामागे उभा आहे ग्रीक ‘टेसेरेस’, म्हणजे चार. तुकड्याला चार कोपरे, म्हणून हे नाव. संस्कृत ‘चत्वारः’ आणि आपला ‘चार’ही याच कुळातले. रोमच्या फरशीशी आपल्या पाढ्यांचं असं रक्ताचं नातं निघावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

गणिताने मात्र हा शब्द चौकोनात राहू दिला नाही. एकाच नियमित बहुभुजाने जमीन भरायची तर तीनच आकार चालतात: समभुज त्रिकोण, चौरस आणि षटकोन. पंचकोन अडतो, कारण त्याच्या १०८ अंशांनी ३६० ला नि:शेष भाग जात नाही.

पुढे १९७०च्या दशकात रॉजर पेनरोझ यांनी दोनच आकारांची अशी फरसबंदी दाखवली, की ती कितीही पसरली तरी ठरावीक अंतराने तीच नक्षी फिरून येत नाही. एकाच आकाराने हे जमेल का? उत्तर आलं २०२३ मध्ये. इंग्लंडमधले हौशी संशोधक डेव्हिड स्मिथ यांना तेरा बाजूंचा ‘हॅट’ सापडला आणि तीन सहकाऱ्यांसह त्यांनी त्याची सिद्धता मांडली. त्यात काही तुकडे उलटे करून बसवावे लागत. काही महिन्यांतच त्यांच्या ‘स्पेक्टर’ या नव्या आकाराने तीही गरज संपवली.