लाइपझिगच्या धुरातली मुलं

बर्लिनची भिंत १९८९च्या नोव्हेंबरात पडली. त्या सुमारास म्युनिचमध्ये एरिका फॉन म्युटियस या बालरोगतज्ज्ञ शाळकरी मुलांची तपासणी करत होत्या. प्रदूषित हवेचा दम्याशी किती संबंध आहे, हे त्यांना पाहायचं होतं. भिंत पडली आणि ठरवूनही जमली नसती अशी तुलना शक्य झाली. लोक तेच, भाषाही तीच. पण चाळीस वर्षं दोन वेगळ्या राजवटींत वाढलेले.

पूर्वेकडच्या लाइपझिग आणि हाल या शहरांची हवा वाईट होती. वीजघरांपासून घरोघरच्या शेगड्यांपर्यंत सगळीकडे लिग्नाइट, म्हणजे गंधकयुक्त तपकिरी कोळसा जळायचा. म्युनिच त्या मानाने कितीतरी स्वच्छ. साहजिकच दमा आणि ॲलर्जी पूर्वेत जास्त निघणार, अशी अटकळ होती.

दोन्हीकडच्या ९ ते ११ वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून सारखीच प्रश्नावली भरून घेतली गेली. मुलांना थंड, कोरडी हवा जोरजोरात ओढायला लावून आधी आणि नंतर त्यांच्या फुंकरीचा जोर मोजला. ॲलर्जीसाठी त्वचेची चाचणी होती. हातावर परागकण, मांजर, धुळीतले माइट यांच्या अर्कांचे थेंब ठेवायचे आणि प्रत्येक थेंबातून सुईचं टोक अलगद टोचायचं. ॲलर्जी असेल, तर पंधरा-वीस मिनिटांत तिथे खाज सुटून गांध उठते. तिची रुंदी मिलिमीटरमध्ये मोजली जाते.

१९९२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये पहिले आकडे आले. ब्राँकायटिस झालेली मुलं लाइपझिगमध्ये ३०.९ टक्के, म्युनिचमध्ये १५.९ टक्के. इथवर सारं अपेक्षेप्रमाणे होतं. ‘हे फीवर’, म्हणजे परागकणांच्या ॲलर्जीने होणारी सर्दी, मात्र लाइपझिगमध्ये २.४ टक्के आणि म्युनिचमध्ये ८.६! १९९४च्या अहवालात हालच्या मुलांचीही भर पडली, तेव्हा चित्र आणखी ठळक झालं. त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी दिसलेली मुलं पूर्वेत १८.२ टक्के, पश्चिमेत ३६.७. दमासुद्धा पूर्वेतच कमी: ३.९ टक्के, तर पश्चिमेत ५.९.

धुराने फुफ्फुसं सुजत होती, पण ॲलर्जीचं मूळ दुसरीकडेच होतं.

त्याचा एक धागा लंडनमध्ये सापडला होता. डेव्हिड स्ट्रॅकन यांनी १९५८ साली जन्मलेल्या १७,४१४ ब्रिटिश मुलांच्या नोंदी तपासून १९८९मध्ये दाखवलं होतं, की घरात मोठी भावंडं जितकी जास्त, तितका हे फीवर कमी. लहानपणीच्या संसर्गांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा वळणावर येत असावी, असा त्यांचा तर्क होता. पूर्व जर्मनीत बहुतेक आया नोकरी करत आणि मुलं फार लवकर पाळणाघरात जात, ही गोष्ट त्या तर्काशी जुळत होती. १९९५-९६मध्ये लाइपझिगच्या मुलांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा हे फीवर २.३ टक्क्यांवरून ५.१वर गेला होता. ही मुलं तर भिंत पडण्याआधीच जन्मली होती. म्हणजे तान्हेपणानंतरचं राहणीमानही परिणाम करत होतं.

मग संशोधक सूक्ष्मजीवांनी भरलेल्या गोठ्याकडे वळले. ऑस्ट्रिया, जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधल्या खेड्यांच्या २००१च्या पाहणीत पहिल्या वर्षापासून गोठ्यात वावरलेल्या मुलांना दमा आणि ॲलर्जी कमी आढळली. २०१६मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. त्या संशोधनात फॉन म्युटियसही होत्या. दोघांचं मूळ मध्य युरोपातलं; पण आमिश घोडे जुंपून जुन्या पद्धतीने शेती करतात, हटराइट यंत्रांनी. आमिश मुलांत दमा सुमारे ५ टक्के, हटराइट मुलांत २१. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली, तेव्हा त्यांचाही दम्यापासून बचाव झाला. हटराइट घरांतल्या धुळीने झाला नाही.

धुराने मुलं काटक होतात, असा अर्थ यातून कुणी काढू नये. गोठ्यातल्या सूक्ष्मजीवांचा फायदा कोळशाच्या, चुलीच्या किंवा फटाक्यांच्या धुरातून मिळत नाही. ॲलर्जी कमी असलेल्या त्या लाइपझिगमध्ये दर तीन मुलांपैकी जवळपास एकाला ब्राँकायटिस होऊन गेला होता.