साहेबाचा न्याय कोणी करायचा?

बिरवाडीकरांना रायगड काही दूरचा नव्हे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झेंडन हा इंग्रज वकील तिथे तहासाठी आला होता. आमची जहाजे किनाऱ्यावर फुटली तर माल परत मिळावा, हे त्याचे एक मागणे. शिवाजी महाराजांचे उत्तर असे की, तो कोकणचा रिवाज नव्हे. शिवाय तुम्हांला दिले की फ्रेंच आणि डचही तेच मागतील. एक सवलत दुसरीला बोट धरून आणते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

पुढे राज्यच इंग्रजांचे झाले. तरी स्वतःसाठी मात्र त्यांनी वेगळा न्याय ठेवला. समजा, पोलादपूरहून घाट चढून महाबळेश्वरी निघालेल्या साहेबाने वाटेत हमालाला जबर मारहाण केली. अशा गंभीर गुन्ह्याचा खटला १८७२ पूर्वी चालायचा तो मुंबईच्या वरिष्ठ न्यायालयात. साक्षीदारांनी शेतीभाती टाकून मुंबई गाठायची! मग गरिबाची फिर्याद घाटातच विरणार, नाही का? १८७२ च्या कायद्याने खटला जिल्ह्यात चालू लागला खरा, पण न्यायाधीशही गोराच हवा.

सत्येंद्रनाथ ठाकूर हे पहिले हिंदी आय.सी.एस. अधिकारी. नोकरी आपल्याच मुंबई इलाख्यात. पुढे ते साताऱ्याला न्यायाधीश होते. अशा माणसालाही जिल्ह्यात गोऱ्याचा खटला चालवण्याचा अधिकार नव्हता. १८८३ मध्ये इल्बर्टसाहेबांनी हा भेद काढायचे बिल आणले, तेव्हा गोऱ्यांनी कलकत्ता डोक्यावर घेतले. १८८४ मध्ये तडजोड झाली : जिल्हा मॅजिस्ट्रेट व सेशन्स जज्ज हिंदी असले तरी चालतील, पण आरोपीला निम्मी ज्युरी युरोपियन किंवा अमेरिकन मागता येईल. यात अमेरिकन कुठून आला, हे शिक्षकांनी वर्गात जरूर विचारावे.

बाहेर पाहा. जपानच्या बंदरांतही परक्यांची स्वतःची न्यायालये होती. जपानने आधी आपले कायदे नव्याने रचले, १८९४ मध्ये इंग्रजांशी करार केला, आणि पाच वर्षांनी, १८९९ मध्ये, ती बंद केली. चीनला मात्र ब्रिटन व अमेरिकेकडून हे मिळवायला १९४३ पर्यंत थांबावे लागले.

आपल्याकडे १९२१ मध्ये मुंबईचे ना. म. समर्थ यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात हा प्रश्न पुन्हा उठवला. तेजबहादूर सप्रू यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, आणि १९२३ चा कायदा झाला. काळ्यागोऱ्यांच्या खटल्यात आपल्या लोकांचे बहुमत असलेली ज्युरी मागण्याचा हक्क आता हिंदी माणसालाही मिळाला. हे बरोबरीचे झाले म्हणा, पण भेद तसाच राहिला. तो कायद्याच्या पुस्तकातून पुसला गेला १९४९ मध्ये, स्वातंत्र्यानंतर दोन वर्षांनी.