गोंडपिपरीचा शंभर वर्षांपूर्वीचा टोपो नकाशा : नदी तीच, सीमा कुठे कुठे बदलली?

चंद्रपूर जिल्ह्यातला गोंडपिपरी तालुका वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधे आहे. चपराळ्याजवळ दोघींचा संगम होतो आणि पुढचा प्रवाह प्राणहिता या नावाने गोदावरीला मिळतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वर्धेच्या अलीकडे इंग्रजांचा मध्य प्रांत होता, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान.

१९०५ पासून भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाचे नवे रंगीत टोपो नकाशे काढायला घेतले. एक इंच म्हणजे एक मैल, अर्थात १:६३,३६०. त्यांचे क्रमांक राज्य किंवा जिल्ह्यावरून नव्हे, तर अक्षांश-रेखांशांवरून दिलेले आहेत. गोंडपिपरी ‘५६ एम’ या चौकोनात येते. त्यामुळे इंग्रजांचा आणि निजामाचा असे दोन्ही काठ एकाच कागदावर दिसतात.

बारमाही पाणी निळे, जंगल हिरवे, शेतजमीन पिवळी, रस्ते आणि वस्ती लाल, उंची दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी. पण सीमारेषा मात्र जपून वाचावी लागते. या प्रमाणात कागदावरची अर्धा मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर सुमारे ३२ मीटर रुंद होते! त्यात नदी पुरात काठ खाते, वाळूचे पट्टे सरकवते. नकाशात असते ते फक्त मोजणीच्या वेळचे पात्र.

राजकीय सीमा तर त्याहून जास्त सरकली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत वर्धेपलीकडचा राजुरा तालुका हैदराबादकडून मुंबई राज्यात आला. आधी नांदेड, मग १९५९ मध्ये चांदा, म्हणजे आजचा चंद्रपूर जिल्हा. बल्लारपूर-राजुऱ्याच्या मधली वर्धा, जी जुन्या नकाशात दोन राजवटींची हद्द आहे, ती आता जिल्ह्याच्या आतली नदी झाली.

नवी हद्द तिकडे डोंगरांत गेली आणि वाद तिथेच उरला. पूर्वी राजुऱ्यात असलेल्या आजच्या जिवती तालुक्यातल्या १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही हक्क सांगतात. तिथल्या अनेकांची नावे दोन्ही राज्यांच्या मतदार याद्यांत आहेत.

गोंडपिपरीच्या दक्षिणेला मात्र वर्धा अजूनही सीमेचे काम करते. पोडशाजवळचा पूल ओलांडला की तेलंगणातला सिरपूरचा भाग लागतो.