राजाने उभारलेला दगड

माझ्या एका चित्रकार स्नेह्याने तंजावरला जाऊन केलेले जलरंगचित्र माझ्या खोलीत आहे. रिकामी बाके, फिकट ऊन आणि भिंतीशी पांढरा संगमरवर; बस्स. पाहुणे विचारतात, "हे कुठले हो चर्च?" मी सांगतो, "शिवगंगा तळ्याजवळचे, 1779 सालचे. पण त्यातला दगड आपल्या भोसल्यांचा!"

त्या दगडावर एक म्हातारा मृत्युशय्येवर पडला आहे आणि एका तरुण राजाने त्याचा हात हाती घेतला आहे. म्हातारा म्हणजे जर्मन पाद्री श्वार्त्स. राजा म्हणजे दुसरे सरफोजी. शिल्पकार फ्लॅक्समन याने हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता; पण त्या दोन हातांसाठी तंजावर पाहायची गरज होतीच कुठे?

1787 साली तुळजाराजांनी मरणापूर्वी सरफोजींना दत्तक घेतले आणि पोर श्वार्त्सच्या ओटीत घालू पाहिले. पाद्रीबाबांनी सल्ला दिला, मुलाला तुमच्या भावाकडे, अमरसिंगांकडे सोपवा. सल्ला सरळ मनाचा, पण भलताच भोळा! झाले असे, की अमरसिंगच गादीवर बसले, दत्तविधान अशास्त्र ठरले आणि मुलगा कोंडल्यासारखा वाढू लागला. तेव्हा हाच म्हातारा कंपनी सरकारच्या पाठीस लागला. 1793 मध्ये मुलाला मद्रासेस हलवले, शिकवले, आणि 1798 साली त्याला गादी मिळाली. श्वार्त्स मात्र त्याच वर्षी 13 फेब्रुवारीला वारला होता. राज्याभिषेक काही त्याच्या नशिबी नव्हता.

कंपनीचा न्याय फुकट नव्हता, हेही सांगितले पाहिजे. 1799 च्या तहाने राज्यकारभार तिच्या हाती गेला. राजांकडे मुख्यतः किल्ला, मानमरातब आणि तनखा राहिला. कंपनीनेही मद्रासच्या सेंट मेरी चर्चमध्ये श्वार्त्सचे स्मारक उभारले. तो सरकारी मान झाला. तंजावरच्या राजाने मात्र आपल्या पाद्रीबाबांसाठी स्वतः इंग्रजीत कविता रचली.

एवढे करून सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि म्हाताऱ्यावरचे त्यांचे प्रेमही त्यामुळे आटले नाही. 1803 साली त्यांनी बृहदीश्वराच्या देवळात भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरवून घेतला. तो भला लांबलचक लेख आजही तिथे भिंतीवर वाचायला मिळतो.